त्रिवेणीची गुप्त नदी

शब्द आणि अर्थ यांनी एका घरात नांदावे, अशी जगाची जुनी व्यवस्था आहे. देणाऱ्याने शब्द अर्थासह द्यावा आणि घेणाऱ्याने तो अर्थासह घ्यावा, एवढ्याच विश्वासावर बाजार भरतो, सोयरीक जुळते आणि लेक परक्या गावी नांदते. शब्द दारात आला आणि अर्थ वेशीबाहेर राहिला, तर कोणाचे तरी घर उणे होते. दुःख असे की, ते उणे करणारा हात शोधू गेल्यास सापडत नाही. अशाच एका घराची हकीकत मला सांगायची आहे. ती सांगण्याचा अधिकार मला एवढ्यासाठीच, की त्या घरात येणारा प्रत्येक दूरचा शब्द काही काळ माझ्या पोटातून जात होता.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. हे नाव ऐकून तुमच्यातील पुष्कळजण एकमेकांकडे पाहतील. कारण आता इंटरनेट हवेतून येते आणि येताना आवाजही करीत नाही. माझ्या काळी ते टेलिफोनच्या तारेतून येत असे. संगणकाला केवळ अंक कळत आणि तारेला केवळ ध्वनी कळे. त्या दोघांमध्ये बसलेला दुभाष्या तो मी. अंकांचा ध्वनी करून मी तारेत सोडी आणि पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा अंक करी. कामाला आरंभ करताना माझ्या कंठातून एक लांब, कर्कश किंकाळी निघे. ती विरली की माझ्या मुखावरील लाल दिव्यांच्या ओळीतला एक दिवा स्थिर होई. त्या दिव्याचे स्मरण असू द्या. पुढे जे घडले, ते त्याच्याच उजेडात घडले.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींच्या नाजूक बोटांनी माझ्या अंतरंगातले सांधे डाख देऊन जोडले. मी कोणाच्या घरी जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. आपल्या देशाने तेव्हा परदेशी मालाला दारे उघडली होती. नव्या शतकाची ती पहिली वर्षे. जहाजातून मी मोठ्या शहरात उतरलो. तेथे एका कंपनीने मला नव्या खोक्यात घातले. खोक्यावर तीन नद्यांच्या संगमाचे चित्र होते. वर ‘त्रिवेणी’ असे नाव, आणि खाली ठसठशीत देवनागरी अक्षरांत एकच शब्द: ‘अखंड’. त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी छापलेली होती.

असा नटूनथटून मी बीड जिल्ह्यातील केज गावी आलो.

केजच्या बाजारपेठेत गुरुपाद आप्पांचे तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान होते. भांड्यांवर नावे घालण्यात त्यांचा हात मोठा देखणा. लग्नाला, बारशाला द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असावे, ही इकडची रीत. आप्पा छिन्नीच्या टोकाने एकेक टिंब ठोकीत आणि टिंबांतून अक्षर उभे करीत. पण हातोडी उचलण्याआधी ते गिऱ्हाइकाकडून नाव पुन्हा पुन्हा वदवून घेत. गिऱ्हाईक कंटाळले, की ते शांतपणे म्हणत, “बाबा, कागदावरचं खोडता येतंय. पितळावर पडलेलं टिंब उचलता येत न्हाई.” जन्मभर हे काम केल्यामुळे त्यांची एक श्रद्धा झाली होती. एखाद्या वस्तूवर जो शब्द उमटलेला असतो, तो कोणीतरी तोलूनमापूनच उमटवलेला असणार, असे ते मानीत. सद्गुणही कधी कधी मनुष्याला खड्ड्याकडे घेऊन जातो. आप्पांच्या बाबतीत तेच झाले.

त्यांच्या पत्नी शांतादेवी. कपाळी विभूतीची रेघ, गळ्यात इष्टलिंग, आणि हाताला काम नाही अशी घटका नाही. त्यांना एकच लेक, वर्षाराणी. ती दूर हुबळीला, कापडाच्या व्यापाऱ्यांच्या घरी दिलेली. केजहून एसटीने सोलापूर आणि तिथून पुढे रेल्वे, इतके ते अंतर. माय-लेकींमधला रोजचा धागा म्हणाल तर घरातला टेलिफोन. तोही कित्येक वर्षे नाव नोंदवून, वाट पाहून मिळालेला. त्यात रिवाज असा की, लेकीच्या सासरी आपण होऊन फोन करायचा नाही. तिकडून येईल तो घ्यायचा. अशात वर्षाराणीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हे दोन्ही घरी ठरलेलेच होते. म्हणून शांतादेवींचे कान त्या टेलिफोनकडे लागून राहिलेले असत.

मला त्या घरात आणले सुंदररावाने. हा गावातला केबलवाला. एसटी स्टँडजवळच्या घराच्या गच्चीवर त्याची मोठी छत्री होती आणि तिच्यापासून निघालेल्या तारा साऱ्या गावच्या छपरांवरून गेल्या होत्या. जीभ गोड आणि पाय चपळ असा तो मनुष्य.

“शरणार्थ आप्पा! घ्या, त्रिवेणी आली घरात,” ओसरीवर खोकी ठेवीत तो म्हणाला. “टीवीचे समदे च्यानल, कंप्युटर, अन् कंप्युटरवर इंटरनेट. समदं एका हप्त्यात.”

“गंगा दिसली, यमुना दिसली,” आप्पा हसून म्हणाले. “सरस्वती कुठंय बे?”

“ती गुप्त असती की ओ आप्पा!”

सगळे मनमुराद हसले. मित्रांनो, सुंदररावाने त्या घरात उच्चारलेले पहिले खरे वाक्य तेच होते, आणि ते त्याचे त्यालाही कळले नव्हते.

आप्पांनी माझा खोका हातात घेतला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. नाव घालण्यापूर्वी भांडे न्याहाळावे, तसे त्यांनी तो शब्द न्याहाळला.

“अखंड,” त्यांनी वाचले. “म्हंजी कवाच तुटायचं न्हाई. तुकडा पडायचा न्हाई.”

“अखंड म्हंजी अखंड, आप्पा. कितीबी वापरा.”

“अन् ही चांदणी कशाची?”

“शोभंची,” सुंदरराव म्हणाला.

तशीच दुसरी एक चांदणी खोक्याच्या तळाशी होती. तिच्या शेजारी मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांत बराच मजकूर होता. इंटरनेटचे तास ठराविक आहेत. ते सरले की दर निराळा. टेलिफोनचा आकार या हप्त्यात धरलेला नाही. कंपनीचे जवळचे केंद्र दूरच्या शहरात असल्याने जोडणीचा क्षण न् क्षण परगावच्या बोलण्यात मोजला जाईल. टीव्हीच्या काही वाहिन्या आरंभीपुरत्याच. तीन नद्यांपैकी गुप्त नदी ती हीच. ती तळाशी वाहत होती. शांतादेवींनी तोच खोका देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवला, त्यावर खणाचा तुकडा अंथरला आणि मला वर बसवले. अटी खाली गेल्या, मी वर आलो.

सुंदररावाने खांबावरून आलेली टेलिफोनची तार माझ्या पाठीत खोचली आणि माझ्यातून दुसरी तार काढून ती टेलिफोनला जोडली. मग त्याने संगणक सुरू केला. मी किंचाळलो. शांतादेवी दोन पावले मागे सरल्या. तो दिवा स्थिर झाला.

“काकू, ह्यो दिवा लागला की समजायचं, लाईन जिती हाय,” सुंदररावाने समजावले. “ह्यो गेला की लाईन गेली.”

“मंग त्यो जाऊ द्यायचा न्हाई.”

“जातच न्हाई. समजा तुटली लाईन, तर हा आपल्या आपण परत जोडून घेईल. तसं करून ठेवलंय मी. पुढचं टायपिंग-बियपिंग उद्या येऊन शिकवतो.”

तो उद्या कधी उगवला नाही. पण शांतादेवींना जेवढे हवे होते, तेवढे त्या शिकल्या होत्या.

त्यांचे काय चुकले, हे नीट समजून घ्या. कारण ती चूक मूर्खपणाची नव्हती, श्रद्धेची होती. त्या घरात श्रावणभर देवापुढे अखंड दिवा तेवत असे. तो महिनाभर शांत होऊ द्यायचा नाही, वाऱ्याला ओंजळ धरायची, तेल सरण्याआधी तेल घालायचे, हे त्या लहानपणापासून करीत आल्या होत्या. ‘अखंड’ आणि ‘दिवा’ हे दोन शब्द त्यांच्या मनात एकत्रच राहत. इंटरनेट ही टेलिफोनमधून जाणारी निराळी वस्तू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. लाईन म्हणजे टेलिफोन, टेलिफोन म्हणजे वर्षाराणी. माझा दिवा तेवतो आहे तोवर लेकीची वाट मोकळी आहे, असे त्यांनी जाणले. आणि वाट तर त्याच दिव्याने अडवली होती. मी तारेवर असलो, की टेलिफोनला कोणाची हाक ऐकू येत नसे.

आरंभीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. शेजारच्या भिवराबाई, शेतावरून येताना डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच, दारातून डोकावत.

“आवो वैनी, ह्यो कोणता देव म्हणायचा?”

“फोनाचा.”

“नवसाला पावतो का?”

“पोरीचा आवाज आणला की पावला म्हणायचा.”

“मंग माझ्या भावाला बी हाक मार म्हणावं. कारखान्यावर ऊस तोडाय गेलाय, खुशाली कळंना.”

दोघी हसत. जावईबापूंनी एकदा हुबळीहून वर्षाराणीचे छायाचित्र पाठवले. सुंदरराव धावत येऊन ते उघडून गेला. माझ्या कृश देहातून ते पाझरत पाझरत पडद्यावर उतरू लागले. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. आप्पांनी दुकान सोडून येऊन समोर बैठक मारली. शांतादेवींना लेकीचे भरलेले पोट पाहायचे होते. चित्र खांद्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. खूप वेळ दोघे बसून राहिले. “येईल, येईल,” आप्पा म्हणत होते. ते त्याहून खाली कधीच आले नाही.

तरीही त्या दिवसांत वर्षाराणीचे फोन येत. केव्हा येत, हे ऐका. केजमध्ये वीज रोज ठराविक वेळी जाई. वीज गेली की संगणक बंद पडे, माझा दिवा विझे, मी तार सोडून देई, आणि थोड्याच वेळात टेलिफोनची घंटी खणखणे. त्या घरात ती एक थट्टाच झाली होती. “पोरगी बराबर लाईट गेल्यावरच फोन करती,” आप्पा म्हणत. “उकाड्यात वारा घालीत बोलावं लागतंय.” साऱ्या घराला दिसणारी गोष्ट होती, पण ती विनोद म्हणून दिसत होती, खूण म्हणून कोणाला दिसली नाही.

अशाच एका दुपारी, पंखा थांबलेला असताना, तिचा फोन आला. तार माझ्यातून जात असल्याने मला दोन्हीकडचे ऐकू येई.

“माय, किती येळा लावला! सारखी पीं-पीं वाजतीय.”

“लाईनच नीट न्हाई गं हितली. तू कशी हाईस? पाय सुजत्यात का?”

“सुजत्यात जरा. ऐक, सासूबाई स्वामींना इचारून दिवस काढणार हायत. न्यायला कवा यायचं ते फोनवर सांगत्यात. आप्पांना म्हणावं, आपल्या मनानं निघून येऊ नगा. हितं लई मानपान बघत्यात. बोलावणं आलं की यायचं. तुमी निस्ता फोन उचला, बरं का.”

“आगं, उशाशी घिऊन बसलीय मी त्याला.”

रिसीव्हर ठेवून शांतादेवी माझ्याकडे वळल्या. मी विझलेला होतो. त्यांनी विचार केला, आणि मित्रांनो, तो विचार त्यांच्या ज्ञानापुरता निर्दोष होता.

“आवो, ऐकलंत का? दिवाच ठरत न्हाई, तर लाईन कशी ठरंल? लाईट गेली की ह्यो मालवतो. पोरीला फोन लागत न्हाई म्हनती. ह्याला बॅटरी बसवा.”

आप्पांनी सुंदररावाला सांगितले, आणि त्याने मोठ्या आनंदाने इन्व्हर्टर आणून बसवला. तोही त्रिवेणीच्याच हप्त्यात जोडला गेला. आता वीज गेली तरी त्या घरातला संगणक बंद पडेना आणि माझा दिवा विझेना. शांतादेवींनी त्या दिवशी माझ्यापुढे हळदकुंकवाचे बोट टेकवले.

त्या दिवसापासून टेलिफोन वाजला नाही.

मी दिवसरात्र तार धरून बसलो होतो. दूरच्या शहरातील एका यंत्राशी माझे बोलणे चाले. खरे तर त्यात बोलणे काहीच नव्हते, नुसते हुंकार होते. संगणकावर कोणी बसत नसे, पडद्यावर पांघरूण असे. हुबळीहून येणारी हाक माझ्या पलीकडेच आपटून परत जात होती. ती मला ऐकूही येत नव्हती. ऐकू आली असती, तरी माझ्या किंकाळीचा अर्थ त्या घरात कोणाला कळला असता?

इकडे घरात तयारी चालली होती. डिंक आला, अहळीव आले, मऊ जुनी लुगडी धुऊन घड्या झाल्या. बाळंतविड्याची भांडी आप्पांनी दुकानात एका फळीवर निराळी मांडून ठेवली. एका दुपारी ते घरी एक लहानशी पितळी वाटी घेऊन आले. बाळाच्या दोन्ही हातांत मावेल एवढी. काठावर द्राक्षांची वेल कोरली होती. “माहेरहून प्रेमपूर्वक” एवढी अक्षरे घातली होती आणि त्यापुढे जागा मोकळी होती.

“नाव घाला की,” शांतादेवी म्हणाल्या.

“आजून आलं न्हाई त्याचं नाव काय घालू? बारसं झालं की घालतो. टिंब उचलता येत न्हाई.”

सातवा महिना सरला असेल, असे शांतादेवी बोटांवर मोजून म्हणाल्या. आप्पा म्हणाले, बोलावणे त्यांच्याकडून आले पाहिजे. आपण घाई केली तर लेकीला बोल लागेल. मधूनच शांतादेवी रिसीव्हर उचलून कानाला लावत. त्यात माझाच अखंड घोष चालू असे. शंख कानाशी धरल्यासारखा तो नाद ऐकून त्यांना धीर येई. “जिती हाय लाईन,” त्या म्हणत आणि रिसीव्हर हळुवार, दुखू नये अशा बेताने, खाली ठेवत.

मग एकामागून एक नद्या आटू लागल्या. प्रथम टीव्हीवरच्या वाहिन्या धुरकट झाल्या. त्या हव्या असतील तर आणखी द्यावे लागेल, असा सुंदररावाचा निरोप येऊ लागला. त्यानंतर टेलिफोनचे बिल आले. आप्पांनी ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. चूक आपल्या डोळ्यांची असेल, असे त्यांना अजूनही वाटत होते. ते भरणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. मुदत टळली, आणि एका सकाळी तार निर्जीव झाली. माझा दिवा विझला. मी किंचाळून किंचाळून थकलो, पण पलीकडे कोणी नव्हते.

दिवा विझलेला पाहून शांतादेवींनी, वाऱ्याला धरावी तशी, माझ्यापुढे ओंजळ धरली.

आप्पांनी सुंदररावाला बोलावून घेतले. तो दारातच उभा राहिला.

“टेलिफोनच्या बिलाला मी काय करू, आप्पा? ते आपल्या हप्त्यात नव्हतंच कवा.”

“अखंड म्हनला होतास.”

“इंटरनेट अखंड. ते बी तास सरंपर्यंत. फोनचं मीटर येगळं पळत असतंय. चांदणी होती की खोक्यावर.”

“चांदणी शोभंची हाय म्हनला होतास.”

सुंदररावाने मान खाली घातली. “मला बी इंग्रजी येतंय व्हय, आप्पा? कंपनीचा साहेब म्हनला शोभंची, म्हून मी म्हनलो शोभंची.”

“ते मरू द्या,” शांतादेवी मध्येच म्हणाल्या. “दिवा गेला. आता माझ्या पोरीचा फोन कसा यायचा, ते सांग.”

सुंदरराव चकित होऊन त्यांच्याकडे पाहू लागला. “काकू, दिवा लागलेला असला की फोन कसा येईल? ह्यो चालू असल्यावर बाहीरच्याला येंगेजच लागतंय. हे तर समद्यांना म्हाईत हाय!”

इन्व्हर्टर तेवढा घुमत होता.

“म्हंजी… लाईट जायची, तवाच पोरीचा फोन लागायचा…” आप्पा म्हणाले.

फळीवर निराळी मांडलेली बाळंतविड्याची भांडी मोडीत गेली. दुकानातला आणखीही बराच माल गेला. त्या पैशांतून बिल भरून टेलिफोन पुन्हा सजीव झाला, तोवर शांतादेवींच्या बोटांवर नववा महिना लागला होता. संगणक सुंदरराव हप्त्यापोटी घेऊन गेला, इन्व्हर्टरही. मला मात्र कोणी हलवले नाही. तार माझ्यातून गेलेली होती आणि ती उपटायला आता कोणाचे धाडस होत नव्हते. म्हणून शेवटचे संभाषणही मला ऐकावे लागले.

आयुष्यात प्रथमच रिवाज मोडून आप्पांनी हुबळीला फोन लावला आणि रिसीव्हर शांतादेवींच्या हाती दिला. पलीकडे कोणीतरी कानडीत हाक मारली. बऱ्याच वेळाने वर्षाराणी आली.

“वर्षा! बाय माझी! कवा येऊ न्यायला?”

“न्यायला? माय, बाळ झालं की.”

“अन् मला कळवलं न्हाई?”

“सासूबाईंनी फोन लावला, मामंजींनी लावला,” वर्षाराणी एकसुरी आवाजात सांगू लागली. “मी बूथवर चालत गेल्ते सुजल्या पायांनी. तीच पीं-पीं. मामंजी म्हनले, रिसीव्हर काढून ठिवलाय त्यांनी. बाळंतपण नको आसंल अंगावर. मी भांडले की त्यांच्याशी. माझी माय आसं करायची न्हाई म्हनले. मंग एक दिवस फोन बंदच झाला म्हनून टेपवरची बाई बोलाय लागली.”

“न्हाई गं! दिवा लावून ठिवला होता मी. तुझा फोन यावा म्हून रात्रंदिस लावून ठिवला होता.”

“दिवा लावल्यानं फोन बंद पडतो का माय? खरं काय ते सांगावं मानसानं. मी काय परकी हाय?”

“तुझ्या बाळाची आन…”

“बाळाची आन घिऊ नगंस.”

“बरं. बरं बाय. पोरगा हाय का पोरगी, तेवढं तरी…”

मागून कोणी हाक मारली. “ठिवते,” वर्षाराणी म्हणाली, आणि तार मुकी झाली.

मित्रांनो, माझ्या मुखावरील प्रत्येक दिव्याला एक ठरलेला अर्थ आहे. ज्या दिव्याला शांतादेवींनी हळदकुंकू लावले, त्याचा अर्थ एवढाच आहे: ‘रिसीव्हर उचलून ठेवला आहे.’ आम्हा मोडेमांच्या जातीत त्याला दुसरा अर्थ नाही. म्हणजे हुबळीच्या त्या घराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शांतादेवींचे म्हणणेही खरे होते. ही दोन सत्ये एकाच तारेच्या दोन टोकांना उभी होती आणि त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हते.

त्यानंतर आप्पा वाटी पिशवीत घालून हुबळीला जाऊन आले. परतले तेव्हा त्यांनी पायही धुतले नाहीत. ओसरीवर तसेच बसून राहिले.

“काय म्हनले?” शांतादेवींनी विचारले.

“च्या दिला. बसा म्हनले. बोलले नीटच.”

“बाळ?”

“पाळण्यावर पडदा होता. झोपलंय म्हनले.”

“नाव तरी इचारलंत का?”

“तोंड झालं न्हाई.”

“वर्षा?”

“दाराआड उभी होती. तिची बांगडी वाजली. मी उठून निघालो, तवा बाळ रडलं. आवाज खणखणीत हाय. अस्सल पितळावानी. चीर न्हाई त्यात कुठं.”

एवढे म्हणून त्यांनी पिशवीतून वाटी काढली आणि माझ्या शेजारी कोनाड्यात ठेवून दिली.

आता त्याला फार वर्षे लोटली. तारेचा टेलिफोन गेला. सुंदररावाच्या गच्चीवरील छत्रीला गंज चढला आणि एका वादळात ती कोसळली. नंतर नंतर तो आप्पांच्या दुकानावरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरी. त्रिवेणी नावाची ती कंपनी कोणत्या समुद्राला मिळाली, कोणाला ठाऊक नाही. हुबळीहून मोठ्या सणाला दोन ओळींचे पत्र येई. मग तेही थांबले. मला कोनाड्यातून माळ्यावर नेऊन ठेवले, आणि वाटीही माझ्याबरोबर आली. माझ्यावर धूळ आहे. वाटीवर मात्र नसते. शांतादेवी गुडघे धरीत शिडी चढून येतात, चिंचेच्या कोळाने तिला घासतात आणि परत जागेवर ठेवतात. मोकळ्या जागेवरून त्यांचे बोट दोनदा फिरते. आप्पांचा हात आता कापतो. उद्या नाव कळले, तरी ते घालणार कोण?

मी काही मागावे, अशी माझी योग्यता उरली नाही. तरी एवढे सांगतो. तुमच्या घरात नवी वस्तू येईल, तिच्यावर मोठा शब्द असेल. त्या शब्दाच्या डोक्यावर चांदणी आहे का, ते पाहा. आणि असली तर ती कशाची, हे विचारा. ‘शोभेची’ या उत्तरावर थांबू नका. घरात एखादी आजी एखाद्या दिव्याला हात जोडताना दिसली, तर हसू नका. तिच्याजवळ बसा आणि तो दिवा कशाचा, ते तिला सांगा. आम्हा यंत्रांना जीभ नसते. आमचा अर्थ माणसांनीच माणसांना सांगावा लागतो. त्या घरी तो कोणी सांगितला नाही, आणि आता सांगून काही उपयोग नाही.

ज्याने ती चांदणी छापली, त्याच्या लेकीबाळी सुखाने नांदोत. सुंदररावाला आप्पांच्या दुकानावरून मान वर करून जाता येवो. हुबळीच्या त्या वृद्धांचे मन निवो. वर्षाराणीला कधीतरी, वीज गेली असता, अंधारात मायेची आठवण येवो, आणि ती आठवण कडू नसो. आणि ज्या बाळाचे नाव या वाटीला ठाऊक नाही, ते आज ज्या नावाने हाक ऐकत असेल, त्या नावाला उदंड आयुष्य लाभो.